गाडीच्या चावीचं रिमोट नीट चालत नाहीये? शोरूममध्ये नवी चावी सांगायच्या आधी हे करून बघा

बटण चार-चारदा दाबलं की कुठे गाडी उघडते, किंवा अगदी दाराला चिकटून उभं राहावं लागतं, आणि शोरूममध्ये विचारलं तर एकच उत्तर, पूर्ण चावी बदलावी लागेल, आणि आकडा थेट हजारांत. आमच्या इंदूरच्या बिल्डिंगमध्येच दोघा-तिघांना हे ऐकावं लागलंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण बऱ्याचदा नवी चावी लागतच नाही.

चावीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक पातं, ते दार उघडतं. दुसरी इमोबिलायझरची बारीकशी चिप, गाडी स्टार्ट होऊ द्यायची की नाही ते हिच्यावर ठरतं, आणि हिला बॅटरी लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधूनच तिला वीज मिळते. तिसरं रिमोटचं सर्किट, ते तेवढं बॅटरीवर चालतं. म्हणजे गाडी स्टार्ट होतेय, फक्त लॉक-अनलॉक होत नाहीये, तर चिप चांगली आहे आणि बिघाड रिमोटमध्ये नाहीतर गाडीच्या लॉकिंगमध्ये आहे. शोरूममध्ये हे तिन्ही एकत्र एकच पार्ट म्हणून मिळतं, बिल फुगतं ते त्यामुळे.

सगळ्यात आधी कपाटातली दुसरी चावी काढून बघा. ती व्यवस्थित चालली तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील तर मात्र चावीवर पैसे घालू नका, रिमोटचा सिग्नल पकडणारा गाडीतला रिसीव्हर, फ्यूज, सेंट्रल लॉकिंग किंवा गाडीची मोठी बॅटरी बघायला सांगा. आणि एखाद्याच जागी असं होत असेल, बाकी ठिकाणी नाही, तर तिथे दुसऱ्या कशाचा तरी सिग्नल आड येतोय, गाडी थोडी पुढे घेऊन परत दाबून बघा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बघा असं बरेच जण सांगतात, ते टीव्हीच्या रिमोटसाठी ठीक आहे कारण त्यात इन्फ्रारेड असतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण कॅमेऱ्यात दिसणारा प्रकाश. आपल्याकडच्या गाड्यांचे रिमोट जवळपास सगळे रेडिओवर चालतात, बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही आणि उगाच वाटेल की रिमोट गेला.

आता बॅटरी. रिमोटच्या कडेला खाच असते तिथे प्लास्टिकचं काहीतरी चपटं घालून हळूच उघडा, स्क्रू ड्रायव्हरने ओढाताण केली की कडा तुटतात. आत बहुधा सीआर२०३२ असते, कधी २०२५ किंवा १६२०, आणि हा नंबर म्हणजे माप आहे, २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, त्यामुळे २०३२च्या जागी २०२५ बसवली तर ती सैल बसून धक्क्याने कनेक्शन सोडते. जुनी कुठल्या बाजूने बसवली होती त्याचा काढायच्या आधीच फोटो घ्या. नवी चांगली बॅटरी मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. मुलांनी गिळू नये म्हणून काही बॅटऱ्यांवर कडू लेप असतो, त्याने कधीकधी संपर्क नीट होत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. जुनी बॅटरी लगेच उचलून ठेवा, लहान मुलाने गिळली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

बॅटरी बदलूनही तेच, तर बटणं बघा. रोज लॉक-अनलॉक दाबून आतला छोटा स्विच मरतो नाहीतर त्याचं सोल्डर सुटतं. एकच बटण चालत नसेल तर हे जवळपास नक्की. असा स्विच बदलायला शोरूम लागत नाही, इंदूरच्या जेल रोडवर मोबाइलच्या बोर्डावर बारीक सोल्डरिंग करणारे बसतात, त्यांना सर्किट दाखवा, त्यांच्यासाठी रोजचं काम आहे. फक्त कव्हर तुटलं असेल तर नुसतं कव्हर मिळतं, पण त्यात सगळं हलवताना ती चिप जुन्या कव्हरात राहू देऊ नका, काही चाव्यांत ती बोर्डापासून वेगळी, एका कोपऱ्यात चिकटवलेली असते आणि ती नसली की गाडी स्टार्ट होणार नाही. बॅटरी काढल्यानंतर काही गाड्यांना रिमोट परत जुळवावा लागतो, पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

पुश बटणवाली गाडी असेल आणि रिमोट रस्त्यातच बंद पडला तर घाबरू नका, रिमोटच्या आत लपवलेली चावी असते, तिने दार उघडा आणि रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

खरंच नवी चावी घ्यावी लागली तर शोरूमकडून लेखी हिशेब मागा, चावी किती, पातं कापायचे किती, प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे चावीची गाडीशी ओळख जुळवण्याचे किती. मग चावीवाल्याकडे विचारा, प्रोग्रॅमिंगचं मशीन असलेले चावीवाले आता आहेत. एक चालू चावी हातात असताना काम सोपं आणि स्वस्त पडतं, सगळ्या हरवल्या की खर्च एकदम वाढतो, त्यामुळे दुसरी चावी गाडी घेतल्या दिवशीसारखी कोरी कपाटात पडू देऊ नका, अधूनमधून वापरा. जाताना दोन्ही चाव्या न्या, कारण बऱ्याच गाड्यांत नवी जोडताना समोर नसलेली चावी गाडीच्या मेमरीतून उडते. काम आपल्या डोळ्यांसमोर करवून घ्या, गाडी तिथे सोडून येऊ नका. चावी हरवली असेल तर तीही मेमरीतून काढायला सांगा आणि पोलिसांत नोंद करून ठेवा, गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी विमावाले दोन्ही मूळ चाव्या मागतात. पॉलिसीत चावी बदलण्याचं कव्हर घेतलंय का तेही बघा, घेतलं असेल तर आधी क्लेम टाका, मग पैसे भरा.