जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतने थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागत असल्याने कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासेसपासून उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसांपर्यंत अनेकांचे धडधाकट संगणक एकाएकी जुने ठरले. अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून देण्याचे काम मी हौसेने करतो. त्यात अडलेले बहुतेक लोक एकाच संध्याकाळी सगळे बदलून टाकण्याच्या घाईमुळे अडलेले असतात. त्यांत सुरुवातीला मीही होतो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहण्याची सोय असताना ते थेट हार्ड डिस्कवर बसवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. पेनड्राइव्हवर असतानाच वाय-फाय लागते का, प्रिंटरवर एक पान निघते का, आणि जीएसटी किंवा निविदेसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर ते ओळखले जाते का, हे पाहून घ्यावे. टोकन ओळखले गेले तरी सहीचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेलच असे नसते. त्या एका कामासाठी विंडोजचा एखादा संगणक राखून ठेवण्यात कमीपणा नाही. वाय-फाय लागले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घ्यावा.

उतरवलेल्या लिनक्सच्या फाइलची डिजिटल सही, म्हणजे ती मूळचीच असल्याची खूण, तपासण्याचा कंटाळाही करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून चोरट्यांनी उतरवण्याचा दुवाच बदलला होता, आणि काही काळ लोकांच्या हाती चोरदरवाजा असलेली प्रत पडत होती.

मराठीचा घोळ

लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मी मोठ्या उत्साहाने लिनक्स बसवले आणि मालकांनी लग्नपत्रिकेची जुनी फाइल उघडली, तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे. "मराठी येत नाही व्हय हो ह्याला?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. दोष लिनक्सचा नव्हता. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्याआधीच्या कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांचाच साठवलेला असतो, आणि फॉन्ट केवळ त्या चिन्हांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच असा लिहिलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो, एवढेच.

येथे लोक दोन उलट चुका करतात. काही जण घाबरून लिनक्सच काढून टाकतात. काही जण जुना फॉन्ट कोठून तरी मिळवून टाकतात आणि नवा मजकूरही त्यातच लिहीत राहतात, त्यामुळे तो मजकूर शोधता येत नाही की मोबाइलवर धड वाचता येत नाही. जुन्या फाइली पाहण्यापुरता तो फॉन्ट ठेवावा, लागेल तो मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि पुढचे सारे लेखन युनिकोडमध्येच करावे. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण मांडणी शिकून घेणे उत्तम, कारण ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींकडे सारखेच असते; पहिला आठवडा बोटे अडखळतात, नंतर सवय होते.

दोन प्रणाली एका संगणकावर

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवले की अनेकदा घड्याळ साडेपाच तास चुकते. संगणकातल्या मूळ घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक समजते, तर लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते, आणि भारताचा फरक नेमका तेवढाच आहे. लोक रोज हाताने वेळ बदलत बसतात. प्रत्यक्षात लिनक्सला मूळ घड्याळ स्थानिक वेळेनुसार वाचण्याची सूचना एकदाच दिली की प्रश्न मिटतो. याकडे दुर्लक्ष करू नये, कारण खात्यात शिरताना लागणारे, दर ३० सेकंदांनी बदलणारे पडताळणीचे आकडे संगणकावरच काढत असाल, तर चुकीच्या वेळेमुळे ते नाकारले जातात.

विंडोजच्या ड्राइव्हमधील फाइली लिनक्समध्ये उघडतात पण साठवता येत नाहीत, यामागे बहुधा विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय असते, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाते. ते पॉवर ऑप्शन्समधून बंद करावे. बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ मांडणीला, हात लावण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती नंतर शोधू म्हणणाऱ्यांची अवस्था मी पाहिली आहे.

इंटरनेटवर सापडलेली, 'सुडो'ने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) सुरू होणारी आज्ञा अर्थ न समजता टर्मिनल या आज्ञांच्या खिडकीत चिकटवू नये, हे सर्वांना माहीत असते आणि रात्री अकरा वाजता सर्व जण तेच करतात.

खासगीपणाचे गैरसमज

लिनक्स बसवले म्हणजे खासगीपणा आपोआप आला, असे मानू नये. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या उबुंटू १२.१० या लिनक्सच्याच एका प्रकारात डेस्कटॉपवरच्या शोधपेटीत टाइप केलेले शब्द बाहेरच्या सर्व्हरकडे जात आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर येत. टीका बरीच झाली, तरी ही सोय मुळातूनच बंद ठेवली गेली ती २०१६ च्या १६.०४ आवृत्तीपासून. ब्राउझरच्या खासगी खिडकीतून पाहिलेली संकेतस्थळे फक्त आपल्या संगणकावर नोंदली जात नाहीत, इंटरनेट पुरवणाऱ्याला मात्र ती कळू शकतात. मोफत व्हीपीएन, म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, घेतला, तर पुरवठादाराऐवजी व्हीपीएनवाल्यावर विश्वास टाकला, एवढाच फरक पडतो. फायरफॉक्सला डझनभर एक्स्टेन्शन जोडू नयेत. त्यामुळे आपला ब्राउझर इतरांहून वेगळा दिसून उलट सहज ओळखता येतो. जाहिराती आणि मागोवा अडवणारे यूब्लॉक ओरिजिन एवढे एकच नीट लावले तरी बराच मागोवा थांबतो.

हार्ड डिस्कला कुलूप घालणारी लक्स ही सोय लॅपटॉपवर जरूर वापरावी, पण तिचा पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवावा, कारण संगणक सुरू होताना मराठी कळफलक बहुधा मिळत नाही. पासवर्ड विसरला तर फाइली परत मिळवून देणारे कोणी नाही. लक्समध्ये एकाहून अधिक पासवर्ड ठेवता येतात, तेव्हा दुसरा एक लिहून, पाकिटात बंद करून, घरातल्या विश्वासू माणसाकडे द्यावा.

राखीव प्रतींबाबतही गैरसमज फार. मिंटमधील टाइमशिफ्ट हे साधन फक्त प्रणालीची प्रत घेते. आपली कागदपत्रे असलेला होम फोल्डर त्यातून सहसा वगळलेला असतो. कागदपत्रांसाठी वेगळी, कुलूपबंद डिस्क हवी आणि ती संगणकाशेजारच्या कपाटात नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीत ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्यांच्याकडे संगणक आणि राखीव प्रत एकाच खोलीत असणे म्हणजे प्रतच नसणे होते. एक प्रत उंचावरच्या भागातल्या नातेवाइकांकडे ठेवावी, आणि तिच्यातली एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहावी. मी स्वतः जवळपास वर्षभर इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरचीच प्रत घेत होतो.