क्रोशाने विणलेला तळहाताएवढा ससा

क्रोशाच्या सुईने विणलेल्या छोट्या भरीव प्राण्यांसाठी 'अमिगुरुमी' हा जपानी शब्द आता सगळीकडे रूढ झाला आहे. 'अमि' म्हणजे विणणे आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत कापूस भरलेले मऊ खेळणे, अशा दोन शब्दांपासून तो बनला आहे. शाल किंवा रुमाल विणण्याची सवय असलेल्या व्यक्तीला हे काम सुरुवातीला उलटे वाटते, कारण तिथे वीण मोकळी आणि झुळझुळीत यावी म्हणून हात सैल ठेवावा लागतो, तर इथे ती इतकी दाट हवी की आत भरलेला कापूस कुठूनही डोकावता कामा नये. दाट वीण आणि चोख मोजणी या दोन गोष्टी सांभाळल्या, तर ज्याला फक्त साखळी आणि मुका खांब येतो अशा माणसालाही पहिल्याच प्रयत्नात नीट ससा विणता येतो. खाली दिलेला ससा कान सोडून साधारण ९ सेंटिमीटर उंच होतो आणि तळहातावर बसतो.

लोकर निवडताना मध्यम जाडीची, पिळदार, एकाच फिकट रंगाची आणि गुळगुळीत लोकर घ्यावी. मखमली लोकरीचे प्राणी दिसायला फार गोड असतात आणि पहिल्यांदा तीच घ्यावीशी वाटते, पण तिच्यात टाका डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो, म्हणून निदान दोन-तीन खेळणी साध्या लोकरीत झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचीही तीच अडचण आहे. गुंडीच्या वेष्टनावर ४ मिलिमीटरची सुई सुचवली असेल तर आपण ३ मिलिमीटरची किंवा २.५ मिलिमीटरची घ्यावी, कारण दाट वीण हात आवळून साधत नाही, ती बारीक सुईने साधते. हात आवळून विणणाऱ्याची बोटे अर्ध्या तासात दुखू लागतात आणि पुढच्या फेरीत सुई टाक्यात शिरत नाही. याखेरीज खेळण्यांत भरायचा कृत्रिम कापूस, बोथट टोकाची जाड सुई, काही टाचण्या, ८ मिलिमीटरचे मागे चकती असलेले दोन डोळे आणि फेरीची खूण ठेवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा एवढे साहित्य पुरते. साधा सरकीचा कापूस भरू नये, तो धुतल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. खेळणे ३ वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे अजिबात लावू नयेत, काळ्या लोकरीने भरून काढावेत, कारण लहान मूल डोळा चावून ओढते आणि सुटलेला डोळा घशात अडकू शकतो.

सगळा ससा मुक्या खांबांचा आहे. आधीच्या फेरीतल्या टाक्याच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घालून धागा ओढून घेतला की सुईवर दोन फासे होतात, मग पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही फाशांतून एकदम बाहेर काढला की एक मुका खांब पूर्ण होतो. इथे एक बारकावा सांगणे गरजेचे वाटते. पहिला धागा ओढताना तो सुईवर वेढा घेऊन ओढला, तर तयार टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, आणि सुई धाग्यावर टेकवून धागा तसाच खालून ओढून आणला, तर टाका फुलीसारखा दिसतो व किंचित लहान आणि घट्ट होतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, मात्र एकाच प्राण्यात दोन्हींची सरमिसळ झाली तर डोके आणि पाय वेगवेगळ्या मापाचे होतात. मला स्वतःला फुलीचा टाका आवडतो, कारण त्यातून कापूस डोकावत नाही.

सुरुवात मॅजिक रिंगने करावी. धाग्याचे साधारण १५ सेंटिमीटरचे टोक सोडून तो बोटाभोवती गुंडाळून एक कडे करावे, कड्यातून सुई घालून गुंडीकडचा धागा ओढून एक साखळी घालावी, आणि मग कड्याच्या आत ६ मुके खांब विणावेत. विणताना कड्याचा धागा आणि सोडलेले टोक हे दोन्ही टाक्यांच्या आत आले पाहिजेत, म्हणजे शेवटी टोक ओढल्यावर कडे आवळून मधले भोक पूर्ण मिटते. सुरुवातीची साखळी टाका म्हणून मोजायची नाही. ही रिंग जमेपर्यंत चार-पाच वेळा उसवावी लागली तरी हरकत नाही, पण साखळीत विणून मध्ये राहिलेले भोक मात्र पुढे सशाच्या टाळूवरच दिसते.

पहिल्या फेरीत ६ टाकेच का घ्यायचे हे समजून घेतले की पुढचा सारा हिशेब आपोआप उलगडतो. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सहाहून किंचित जास्त टाक्यांनी वाढतो, म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवले की चकती सपाट राहते. वाढवणे थांबवले की कड वळून वाटी होते, आणि ६ टाके कमी करू लागलो की वाटी मिटत जाते. गोल डोके, लांबट कान, निमुळता हात हे सारे एवढ्यावरच चालते. टाका वाढवायचा म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब विणायचे.

आता डोके विणायला घ्यावे. फेऱ्या जोडायच्या नाहीत, गोगलगाईच्या शंखासारख्या सलग फिरत राहायच्या आहेत, त्यामुळे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा धागा अडकवून तो दर फेरीला वर घ्यावा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ करून १२ टाके करावेत. तिसऱ्या फेरीत एक साधा टाका आणि एक वाढ असे सहा वेळा करून १८ करावेत. चौथ्या फेरीत २४ करायचे आहेत, पण वाढ मागच्या वाढीच्या डोक्यावर येऊ लागली की चकतीला सहा कोपरे फुटतात, म्हणून इथे एक साधा टाका, एक वाढ, मग दोन साधे आणि एक वाढ असे पाच वेळा, आणि शेवटी एक साधा टाका विणावा. पाचव्या फेरीत तीन साधे आणि एक वाढ सहा वेळा केली की ३० टाके होतात. सहावी ते दहावी अशा पाच फेऱ्या ३० टाक्यांवर सरळ विणाव्यात. या टप्प्यावर वाटीची सुलट बाजू बाहेर आहे ना ते पाहावे. सुलट बाजूवर टाक्यांची चिन्हे स्वच्छ दिसतात आणि उलट बाजूवर प्रत्येक टाक्याखाली एक आडवी रेघ असते. वीण आत वळली असेल तर आताच उलटून घ्यावी.

प्रत्येक फेरीनंतर टाके मोजावेत हे मी आग्रहाने सांगते. मी विणलेल्या पहिल्या सशाच्या पाचव्या फेरीत एका बाजूला तीन वाढी जास्त झाल्या होत्या. ते आठव्या फेरीला लक्षात आले, पण तीन फेऱ्या उसवायचे जिवावर आले आणि कापूस भरल्यावर आकार सारखा होईल असे समजून मी पुढे गेले. कापसाने उलटेच केले. रिकाम्या विणीत जो फुगवटा जेमतेम जाणवत होता, तो भरल्यावर गालावर गाठ आल्यासारखा उठून दिसू लागला, आणि शेवटी डोळे कापून काढून सगळे डोके उसवावे लागले.

टाके कमी करण्यासाठी दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या धाग्यांतून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूच्या धाग्यांतून, एकापाठोपाठ सुई घालावी, धागा घेऊन त्या दोन्हींतून ओढावा आणि मग नेहमीप्रमाणे मुका खांब पूर्ण करावा. दोन्ही टाके पूर्ण घेऊन एकत्र केले तर तिथे गाठ आणि बाजूला भोक दिसते, या पद्धतीत मात्र घट शोधूनही सापडत नाही. अकराव्या फेरीत तीन साधे आणि एक घट सहा वेळा करून २४ टाके उरवावेत.

इथे थांबून डोळे लावावेत, कारण २४ टाक्यांच्या तोंडातून बोटे अजून आरामात आत जातात. डोळे आठव्या आणि नवव्या फेरीच्या मध्ये, एकमेकांपासून ६ टाक्यांवर येतात. मात्र सलग फिरणाऱ्या विणीत टाके दर फेरीला थोडे तिरके सरकतात, म्हणून केवळ मोजणीवर विसंबू नये. डोळे नुसते खोचून, आत थोडा कापूस तात्पुरता भरून, हात लांब करून चेहरा पाहावा. डोळे खाली आणि दूर असले की ससा पिलासारखा दिसतो, वर आणि जवळ आले की चेहरा उग्र होतो. एका टाक्याच्या फरकाने भाव बदलतो, आणि मागची चकती एकदा दाबून बसली की ती निघत नाही, म्हणून या पाहण्यात घाई करू नये. समाधान झाल्यावरच चकत्या बसवाव्यात. नाकही आताच गुलाबी लोकरीने, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक फेरी खाली, दोन टाक्यांच्या रुंदीवर चार-पाच आडवे धागे भरून काढून घ्यावे, म्हणजे त्याची गाठ आत राहते.

बाराव्या फेरीत एक साधा टाका, एक घट, मग दोन साधे आणि एक घट पाच वेळा, शेवटी एक साधा, असे करून १८ टाके उरतात. आता डोके भरावे. कापसाचा मोठा गोळा एकदम कोंबला तर विणीवर टेंगळे दिसतात, त्यामुळे बोटभर कापूस घेऊन, तो पिंजून मोकळा करून, आधी कडेने आणि मग मध्ये भरावा. गालांच्या आतून थोडा जास्त कापूस दिला की चेहरा भरतो. अंगठ्याने दाबल्यावर डोके लगेच पूर्ववत झाले पाहिजे, पण टाके ताणून त्यांच्यामधून पांढरे दिसू लागले तर कापूस जास्त झाला असे समजावे.

पुष्कळ नमुन्यांत डोके आणि धड वेगळे विणून शिवतात. छोट्या खेळण्यात मला ते पटत नाही, कारण शिवलेली मान काही दिवसांनी डुलू लागते. म्हणून इथूनच पुढे विणत जावे. तेरावी फेरी १८ टाक्यांवर सरळ विणावी, ती मान झाली. चौदाव्या फेरीत दोन साधे आणि एक वाढ सहा वेळा करून २४ टाके करावेत, आणि पंधरावी ते विसावी अशा सहा फेऱ्या २४ वर सरळ विणाव्यात. मानेत कापूस घट्ट ठासून भरावा, त्यावरच डोक्याचा सारा भार असतो. मग एकविसाव्या फेरीत दोन साधे आणि एक घट करून १८, बाविसाव्या फेरीत एक साधा आणि एक घट करून १२ टाके करावेत, धड भरून घ्यावे आणि तेविसाव्या फेरीत सलग सहा घटी करून ६ टाके उरवावेत. धागा कापून बोथट सुईत ओवावा, सहाही टाक्यांच्या पुढच्या धाग्यांतून सुई बाहेरच्या अंगाने फिरवून आणावी आणि ओढून भोक मिटवावे.

कान दोन. ६ टाक्यांची रिंग, मग एक साधा आणि एक वाढ तीन वेळा करून ९, मग दोन साधे आणि एक वाढ तीन वेळा करून १२. त्यावर पाच फेऱ्या सरळ, मग चार साधे आणि एक घट दोन वेळा करून १०, त्यावर दोन सरळ फेऱ्या, आणि शेवटी तीन साधे आणि एक घट दोन वेळा करून ८. कानात कापूस भरायचा नाही, ते चपटे करून बुडाशी अर्धे दुमडावेत. हातांसाठी ६ टाक्यांवरून ९ करून दोन फेऱ्या सरळ, मग एक साधा आणि एक घट तीन वेळा करून ६, आणि त्यावर तीन फेऱ्या सरळ विणाव्यात. पायांसाठी ६ वरून १२, दोन फेऱ्या सरळ, मग दोन साधे आणि एक घट तीन वेळा करून ९, आणि तीन फेऱ्या सरळ. हात-पायांत कापूस फक्त पंजाकडे भरावा, नाहीतर ते अंगापासून ताठ बाहेर येतात. शेपटीसाठी ६, १२, १२ आणि पुन्हा ६ टाक्यांच्या चार फेऱ्या पुरतात. प्रत्येक भागाला शिवण्यासाठी २० ते २५ सेंटिमीटर धागा राखून ठेवावा.

शिवण्यापूर्वी सगळे भाग टाचण्यांनी लावून ससा टेबलावर बसवून पाहावा. कान टाळूपासून तिसऱ्या-चौथ्या फेरीवर, हात मानेच्या लगेच खाली पंधराव्या फेरीवर, आणि पाय विसाव्या फेरीपाशी पुढच्या अंगाला थोडे फाकवून लावावेत. शेपटी एकोणिसाव्या-विसाव्या फेरीवर मागे लावली की दोन पाय आणि शेपटी अशा तीन टेकूंवर ससा न कलंडता बसतो. तो मागे पडत असेल तर शेपटी एक फेरी खाली घ्यावी. शिवताना सुई अंगाच्या एका टाक्यातून आणि त्या भागाच्या काठाच्या एका टाक्यातून आलटून पालटून न्यावी, आणि पूर्ण वेढा झाल्यावर आणखी अर्धा वेढा घ्यावा.

उरलेले प्रत्येक टोक शिवणीशी एक गाठ मारून अंगाच्या आरपार न्यावे, दुसऱ्या बाजूने बाहेर काढून त्याच भोकातून परत वेगळ्या दिशेला न्यावे, आणि असे दोन-तीनदा केल्यावर धागा किंचित ताणून विणीलगत कापावा, म्हणजे टोक आत ओढले जाते. त्यानंतर टाचण्या मोजून घ्याव्यात, कारण एखादी कापसात राहिली तर बाहेरून दिसत नाही. कान, हात, पाय आणि डोळे एकेक धरून मुलाने ओढावे तसे जोराने ओढून पाहावे, आणि जे किंचितही हलेल ते पुन्हा शिवावे. ससा मळला की कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे, आणि ओला असतानाच बोटांनी गाल व धड गोलसर करून सावलीत वाळत ठेवावा.