प्रथिनातल्या रेसिड्यूंचे संपर्क कसे तपासावेत: हिमोग्लोबिन हाताशी घेऊन

प्रथिनाची फाइल उतरवा, रेसिड्यूंच्या (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाच्या) अल्फा कार्बनमधली, म्हणजे साखळीच्या कण्यातल्या कार्बन अणूंमधली, अंतरं काढा, आठ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आतल्या जोड्या ठेवा, झाला संपर्क-नकाशा. हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की नवखे लोक त्यालाच पद्धत समजतात. घडीचा ढोबळ आकार पाहायला तो पुरतो. पण कोणता बंध तुटला आणि कोणता जुळला हे सांगायचं असेल, तर त्या नकाशावर विसंबू नका.

पद्धत शिकायची तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा प्रथिनावर शिकावी. मी नेहमी माणसाचं हिमोग्लोबिन घ्यायला सांगतो. प्रोटीन डेटा बँकेत (पीडीबी) ऑक्सिजनविरहित रूप २एचएचबी या क्रमांकाखाली आहे (विभेदन, म्हणजे रचनेचा बारकावा, १.७४ अँगस्ट्रॉम) आणि ऑक्सिजनयुक्त रूप १एचएचओ या क्रमांकाखाली (२.१ अँगस्ट्रॉम). पहिल्या रूपातले कोणते सॉल्ट ब्रिज (विरुद्ध विद्युतभाराच्या गटांमधले बंध) दुसऱ्यात तुटतात, हे हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. तुमच्या यादीत ते दिसले नाहीत, तर दोष तुमच्या पद्धतीत आहे.

पायथन आणि त्यातलं बायोपायथन हे जीवशास्त्राचं पॅकेज बसवलेलं आहे, फाइल वाचता येते, एवढं गृहीत धरतो. पाण्याचे रेणू काढून टाका. हायड्रोजन असतील तर तेही काढा, कारण एका फाइलमध्ये ते आहेत आणि दुसरीत नाहीत अशी तुलना चालत नाही. हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त गट) ठेवायचा की नाही ते आधीच ठरवा.

आता खरी अडचणीची पायरी. मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि मार्गदर्शक लेख नेमके हीच पायरी गाळतात: फाइलमध्ये जे आहे ते म्हणजे अख्खा रेणू नव्हे.

स्फटिकशास्त्रज्ञ फाइलमध्ये फक्त असिमेट्रिक युनिट नोंदवतात, म्हणजे स्फटिकाचा असा तुकडा की सममितीचे नियम लावले की उरलेला सगळा स्फटिक त्यातून मिळतो. हा तुकडा रेणूएवढा असेलच असं नाही. २एचएचबी मध्ये चारही साखळ्या आहेत: ए आणि सी या अल्फा, बी आणि डी या बीटा. १एचएचओ मध्ये मात्र दोनच आहेत, एक अल्फा आणि एक बीटा. उरलेला अर्धा हिमोग्लोबिन सममितीतून उभा करावा लागतो. हे न करता दोन्ही फाइलींची तुलना केली, तर ऑक्सिजन चिकटल्यावर दोन अर्ध्यांमधला प्रत्येक संपर्क तुटतो असं दिसेल. आकडे व्यवस्थित येतील, आलेखही देखणा येईल आणि निष्कर्ष साफ खोटा असेल. प्रोग्राम कसलीच तक्रार करणार नाही, म्हणून ही चूक धोकादायक आहे.

उपाय म्हणजे मूळ फाइलऐवजी बायोलॉजिकल असेंब्लीची, म्हणजे शरीरात काम करणाऱ्या अख्ख्या रेणूची, फाइल घेणं. त्यातही एक खड्डा आहे. जुन्या पीडीबी स्वरूपातल्या असेंब्लीच्या फाइलमध्ये सममितीने आलेली प्रत वेगळं मॉडेल म्हणून लिहिलेली असते आणि तिच्या साखळ्यांची नावंही तीच, ए आणि बी, असतात. बायोपायथनचं जवळपास प्रत्येक उदाहरण पहिलं मॉडेल उचलायला शिकवतं. तसं केलंत की योग्य फाइल घेऊनही हाती पुन्हा अर्धाच रेणू उरतो. त्यामुळे असेंब्ली एमएमसीआयएफ या नव्या स्वरूपातच उतरवा. तिथे सगळ्या प्रती एकाच मॉडेलमध्ये येतात आणि त्यांना वेगळी नावं मिळतात.

पुढे जाण्याआधी रेसिड्यू मोजा. अल्फा साखळीत १४१, बीटात १४६, म्हणजे चार साखळ्यांचे मिळून ५७४. आकडा २८७ च्या आसपास आला तर तिथेच थांबा. मग कायमेराएक्स किंवा पायमॉलमध्ये रेणू उघडून डोळ्यांनी बघा. जी रचना एकदाही डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्या संपर्कांबद्दल लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग साखळ्यांच्या जोड्या लावा. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा यांच्यात दोन प्रकारचे सांधे असतात (पुढचे १ आणि २ म्हणजे रेणूचे दोन अर्धे). अल्फा१–बीटा१ हा मोठा आणि जवळजवळ न हलणारा, तर अल्फा१–बीटा२ हा ऑक्सिजन घेताना सरकणारा. २एचएचबी मध्ये सरकणारा सांधा ए–डी आणि सी–बी यांच्यात आहे. दुसऱ्या फाइलमध्ये तो नावावरून गृहीत धरू नका, संपर्क मोजून ओळखा.

आता संपर्काची व्याख्या. इथे एकच सांगतो: साइड चेनबद्दल (रेसिड्यूच्या कण्याबाहेर आलेल्या शाखेबद्दल) प्रश्न असेल तर अल्फा कार्बन मोजू नका. लायसिन किंवा आर्जिनिनची साइड चेन अल्फा कार्बनपासून सहा-सात अँगस्ट्रॉम लांब पोचते, त्यामुळे खराखुरा सॉल्ट ब्रिज आठ अँगस्ट्रॉमच्या चाळणीतून सहज निसटतो. उलट, पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन रेसिड्यूंचा काही संबंध नसताना ते आत येतात. बीटा कार्बनमधलं (साइड चेनच्या पहिल्या कार्बनमधलं) आठ अँगस्ट्रॉमचं अंतर हे रचनेच्या भाकितांची पारख करण्यासाठी रुळलेलं माप आहे, त्या कामापुरतं ते ठीक. तुम्ही हायड्रोजन सोडून बाकी सर्व अणूंमधलं किमान अंतर घ्या आणि मर्यादा ४.५ अँगस्ट्रॉम ठेवा. सॉल्ट ब्रिजसाठी ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचा ऑक्सिजन आणि लायसिन-आर्जिनिनचा नायट्रोजन यांच्यात ४ अँगस्ट्रॉम. साखळीच्या शेवटचा कार्बॉक्सिल गट विसरू नका, तयार प्रोग्राम तो अनेकदा मोजतच नाहीत आणि हिमोग्लोबिनचे निम्मे महत्त्वाचे बंध तिथेच आहेत. हिस्टिडिनही हाताने यादीत घाला.

एकाच साखळीतले संपर्क मोजताना क्रमात चारपर्यंत अंतर असलेल्या जोड्या वगळा. ग्लोबिन बहुतांशी अल्फा-हेलिक्सचं बनलेलं असतं, त्यामुळे नाहीतर प्रत्येक वळणावरच्या शेजाऱ्यांनी यादी भरून जाते.

तुलना करताना एकच रेघ वापरू नका. ४.४ वर संपर्क आहे आणि ४.६ वर तुटला, हे दोन अँगस्ट्रॉम विभेदनाच्या रचनेत निरर्थक आहे. एका रूपात ४ च्या आत आणि दुसऱ्यात ५ च्या बाहेर असेल तरच बदल म्हणा. मधल्या जोड्या 'अनिश्चित' म्हणून वेगळ्या ठेवा, त्यांचा आकडाही द्या.

आता पडताळणी. अल्फा१–बीटा१ सांध्यातले संपर्क दोन्ही रूपांत बहुतांशी तेच यायला हवेत. तिथेच मोठा फरक दिसला तर व्याख्या किंवा क्रमांकन बिघडलंय. सरकत्या सांध्यात ऑक्सिजनविरहित रूपात अल्फाचा टायरोसिन ४२ आणि बीटाचा ॲस्पार्टेट ९९ जोडलेले दिसतील. ऑक्सिजनयुक्त रूपात ती जोडी सुटून अल्फाचा ॲस्पार्टेट ९४ बीटाच्या ॲस्पॅराजिन १०२ शी जुळलेला दिसेल. ऑक्सिजनविरहित रूपात एका अल्फाचा शेवटचा आर्जिनिन १४१ दुसऱ्या अल्फाच्या ॲस्पार्टेट १२६ आणि लायसिन १२७ ला धरून असतो, आणि बीटाचा शेवटचा हिस्टिडिन १४६ अल्फाच्या लायसिन ४० ला. हे सगळे बंध सापडले की पद्धतीवर विश्वास ठेवा.

ॲस्पॅराजिनबद्दल एक इशारा. त्याच्या टोकाचे ऑक्सिजन आणि नायट्रोजन नेहमीच्या विभेदनाच्या इलेक्ट्रॉन-घनतेत वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे काही फाइलींत ते उलटे बसवलेले असतात. दोन ऑक्सिजन समोरासमोर आलेले दिसले तर आधी मोलप्रोबिटी या रचना तपासणाऱ्या साधनातून उलटापालट तपासून घ्या.

हे जमलं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन, २एचबीएस, उघडा. विदर्भातल्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना हा आजार माहीत आहे, आणि त्याचं मूळ एका संपर्कात आहे: बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी आलेला व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या फिनाइलॲलॅनिन ८५ आणि ल्यूसिन ८८ यांच्या खोबणीत बसतो. (युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहाच्या क्रमांकनात सुरुवातीचा मेथिओनिन धरतात, म्हणून तिथे हाच व्हॅलिन सातवा येतो.) इथे वरचा नियम उलटा करावा लागतो. बायोलॉजिकल असेंब्ली म्हणून एकच टेट्रामर (चार साखळ्यांचा एक रेणू) घेतला तर हा संपर्क दिसणारच नाही, कारण तो दोन टेट्रामरांमधला आहे. मूळ फाइलमध्ये दोन टेट्रामर आहेत, तीच घ्या, भोवतालच्या सममितीतल्या प्रतीही उभ्या करा, आणि प्रत्येक बीटा साखळीच्या सहाव्या व्हॅलिनभोवती ४.५ अँगस्ट्रॉममध्ये कोण आहे ते वेगवेगळं लिहा. चार व्हॅलिनपैकी सगळेच अशा खोबणीत बसलेले नाहीत. म्हणून सरासरी काढू नका, चारही ओळी तशाच ठेवा.