गिअर पडत नाही? आधी केबल तपासा, मग लेग उघडा

पुण्यात चारचाकीचा गिअर अडला तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून कोणी ना कोणी येतो. पानशेतच्या किंवा पवनेच्या पाण्यावर बोटीचा गिअर अडला तर तसा माणूस बहुधा मुंबईहून किंवा गोव्याहून बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत बोट ट्रेलरवर पडून राहते. म्हणून येथील बोटमालकाने दुरुस्ती नाही, तरी दोष ओळखणे स्वतः शिकून घ्यावे, हे बरे. हा लेख स्टर्नड्राइव्हविषयी आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअरचा लेग मागच्या भिंतीबाहेर पाण्यात, अशा रचनेविषयी आहे.

गिअरची तक्रार सुरू झाली की मालक आणि मेकॅनिक दोघांचेही लक्ष प्रथम लेगकडे जाते, कारण गिअर तिथे असतात. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा लिव्हर आणि क्लच (लेगमध्ये गिअर पकडणारा आणि सोडणारा भाग) यांच्यामधल्या केबलमध्ये निघतो. केबल जड झाल्यावर लिव्हर जोराने ओढण्याची सवय लागते आणि त्या जोरानेच पुढे क्लच खराब होतो. तेव्हा लिव्हरपासून क्लचपर्यंतच्या साखळीच्या कोणत्या अर्ध्या भागात दोष आहे हे नक्की झाल्याशिवाय लेगचा एकही नट सोडू नये.

पहिल्यांदा आपला ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे हे पाहावे. व्होल्व्हो पेंटाने 1959 मध्ये ॲक्वामॅटिक आणला आणि 1961 मध्ये मर्क्रूझर आला. आजही जुन्या बाजारातून येथे येणाऱ्या बोटींवर बहुधा याच दोन घराण्यांचे ड्राइव्ह दिसतात. मर्क्रूझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये डॉग क्लच असतो आणि तो लेगच्या खालच्या भागात, प्रोपेलरच्या शाफ्टवर बसवलेला असतो. पुढचा आणि मागचा असे दोन गिअर तिथे सतत एकमेकांच्या उलट दिशेने फिरत असतात आणि त्यांच्यामध्ये दात्यांचा एक तुकडा सरकून कधी या गिअरला, कधी त्या गिअरला पकडतो. मर्क्रूझरच्या ब्राव्हो ड्राइव्हमध्ये आणि व्होल्व्हो पेंटाच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये कोन क्लच असतो. तो लेगच्या वरच्या भागात असतो आणि दात्यांऐवजी शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागांच्या घर्षणाने पकडतो. दोन्हींची लक्षणे वेगळी असल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर करून पाहण्यात अर्थ नसतो.

आता साखळी समजून घेऊ. चालकाच्या हाताशी असलेल्या लिव्हरपासून एक लांब केबल इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटपर्यंत येते. तिला आपण कंट्रोल केबल म्हणू. शिफ्ट प्लेटपासून दुसरी, आखूड केबल बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि रबरी बेलोमधून, म्हणजे घड्यांच्या लवचिक नळीतून, लेगमध्ये शिरते. ही ड्राइव्ह केबल. तिच्या टोकापासून पुढे लोखंडी दांड्या क्लचपर्यंत जातात. शिफ्ट प्लेट हे या दोन केबलींचे जंक्शन असल्याने सगळे निदान तिथूनच करायचे असते.

तपासणीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी आणि आणीबाणीच्या स्विचची दोरीही काढून घ्यावी, कारण पुढच्या चाचण्यांत कोणाचा तरी हात प्रोपेलरवर असणार आहे. पेट्रोल इंजिन असेल तर नंतर ते सुरू करण्यापूर्वी ब्लोअर, म्हणजे इंजिनच्या जागेतली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार-पाच मिनिटे चालवावा. जमिनीवर इंजिन चालवायचे झाल्यास लेगच्या पाणी घेण्याच्या छिद्रांवर फ्लशिंगचे रबरी कप लावून पाण्याचा पुरेसा प्रवाह द्यावा. आपल्या सोसायट्यांमध्ये नळाला दुपारी जी धार असते तिच्यावर विसंबू नये, पाणी कमी पडले तर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे रबरी चाक) पाहता पाहता जळतो. कप लावलेले असताना प्रोपेलर काढून ठेवावा.

दोन केबली वेगळ्या करून पाहणे

शिफ्ट प्लेटवर दोन्ही केबलींची टोके पिन किंवा नटाने बसवलेली असतात. कोणती कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि मग कंट्रोल केबल सोडावी. लिव्हर पुढे-मागे करून पाहावा. केबल सोडलेली असूनही लिव्हर जडच राहिला तर दोष लिव्हरच्या पेटीत किंवा कंट्रोल केबलमध्ये आहे आणि लेगचा याच्याशी काहीही संबंध नाही. पेटीतले जुने ग्रीस सुकून गोंदासारखे झालेले अनेकदा सापडते. केबलची वाटही पाहावी: ती सुमारे 8 इंच त्रिज्येपेक्षा आवळून वळवलेली असेल, किंवा सीटखाली सामानाने दाबली गेली असेल, तर नवी केबलही तिथे लवकरच जड होते. अशा केबलमध्ये तेल सोडून ती सुधारत नाही. ती बदलावीच लागते.

लिव्हर मोकळा निघाला तर ड्राइव्ह केबलचे टोकही सोडावे आणि ते हाताने आत-बाहेर सरकवून पाहावे, त्याच वेळी दुसऱ्या माणसाने प्रोपेलर हळू फिरवत राहावे. प्रोपेलर फिरवणे आवश्यक आहे, कारण इंजिन बंद असताना डॉग क्लचचे दाते समोरासमोर आले तर केबल अडते आणि ती खराब असल्याचा भास होतो. निरोगी केबल दोन-तीन बोटांच्या जोराने सरकते. न्यूट्रलमध्ये प्रोपेलर दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे आणि डॉग क्लच असेल तर गिअर पडल्यावर किमान एका दिशेने पक्का अडला पाहिजे. हीच चाचणी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा करावी. एका बाजूला केबल जड आणि दुसऱ्या बाजूला हलकी वाटली तर बेलोच्या जागेत ती दुमडली आहे किंवा तिचे आवरण फाटले आहे असे समजावे.

आवरण फाटल्याची आणखी एक खूण आहे, ती फारशी कोणी पाहत नाही. बोट पाण्यात असताना ड्राइव्ह केबलच्या आतल्या टोकातून, म्हणजे शिफ्ट प्लेटपाशी, थेंब थेंब पाणी गळत असेल तर बेलो आणि आवरण दोन्ही फाटलेले आहेत. बोटीच्या तळाशी पाणी साचते, मालक त्याचे खापर कूलिंगच्या पाइपवर फोडतो आणि केबल आतून गंजत राहते.

न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडणे

अल्फा ड्राइव्हची ही सर्वांत जास्त गैरसमज होणारी तक्रार असल्याने तिच्यावर थोडे थांबतो. डॉग क्लचचे दाते भाराखाली एकमेकांवर इतके दाबलेले असतात की ते ओढून सोडवणे अवघड जाते. म्हणून शिफ्ट प्लेटवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. केबलवर ठरावीक ताण आला की प्लेटवरची पट्टी आपल्या खाचेतून बाजूला सरकते, स्विच दाबला जातो आणि इंजिनचे इग्निशन क्षणभर तुटते. तेवढ्या क्षणात दात्यांवरचा भार उतरतो, क्लच सुटतो, पट्टी खाचेत परत येते आणि इंजिन पुन्हा पेटते. सगळे नीट असेल तर इंजिनाला लागलेली एक हलकी उचकी एवढेच काय ते जाणवते.

केबल जड झाली की ताण लांबतो, स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन बंद पडते. म्हणजे इंजिन बंद पडते, पण तक्रार केबलची असते. माझ्या बोटीच्या बाबतीत एका मेकॅनिकने सलग दोन रविवार कार्बोरेटर साफ केला आणि आयडल, म्हणजे वेग न देता इंजिन फिरते तो किमान वेग, वाढवून दिला. आयडल वाढल्याने इंजिन बंद पडायचे थांबले, परंतु गिअर टाकताना खटका बसू लागला, आणि मूळ दुखणे होते तिथेच राहिले. शेवटी ड्राइव्ह केबल बदलल्यावर आयडल पुन्हा खाली आणता आला.

खात्री करण्यासाठी स्विचची वायर तात्पुरती सोडावी आणि बोट धक्क्याला पक्की बांधून गिअर टाकून काढून पाहावा. इंजिन बंद पडले नाही, पण लिव्हर ओढायला जड गेला, तर केबल दोषी आहे. लिव्हर सहज आला तर स्विच किंवा त्याची जागा तपासावी. कार्बोरेटरच्या बहुतेक मॉडेलांत हा स्विच एरवी तुटलेला आणि दाबल्यावर जोडलेला असतो. तापकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरने हे मिनिटभरात कळते. चाचणी संपल्यावर वायर परत जोडावी. ती कायमची सोडून बोट चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या क्लचचे दाते काही दिवसांत गोलाकार होतात. ब्राव्होवर असा स्विच नसतो, त्यामुळे तिथे इंजिन बंद पडत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

गिअर पडतो, पण टिकत नाही

वेग दिला की कटकट आवाज येऊन गिअर निसटत असेल, तर डॉग क्लचचे दाते झिजले असण्याची शक्यता आहे. पण केबलचे सेटिंग चुकल्याने क्लच अर्धवट बसत असेल तरी हुबेहूब हेच होते. म्हणून आधी सेटिंग तपासावे. कोन क्लचमध्ये आवाज होत नाही. इंजिनाचे फेरे चढतात, बोट मात्र मागे रेंगाळते. ब्राव्होला लिव्हरकडून केबलची साधारण 3 इंच चाल मिळावी लागते, ती पट्टीने मोजावी. चाल कमी पडली तर कोन पूर्ण घट्ट बसत नाही आणि घसरून घसरून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो.

फेरे चढतात आणि बोट चालत नाही, या तक्रारीत गिअर पूर्णपणे निर्दोष असण्याची एक शक्यता आहे. प्रोपेलरच्या मध्यभागी रबरी हब असतो. प्रोपेलर दगडावर आपटला की हा हब आत फिरू लागतो. उन्हाळ्यात धरणांचे पाणी उतरल्यावर वर आलेल्या खडकांमुळे आपल्याकडे हे सर्रास होते. हब आणि प्रोपेलर यांवर रंगाची एकच सरळ रेघ ओढावी, बोट जोरात पळवून आणावी आणि रेघ पाहावी. ती तुटून दोन भाग सरकलेले दिसले तर खर्च प्रोपेलरचा आहे, गिअरचा नाही. याशिवाय इंजिनमागचा कपलर, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह यांना जोडणारा रबरी भाग, हाही घसरू शकतो; त्या वेळी जळक्या रबराचा वास येतो.

गिअर टाकताना दाते खरवडल्याचा आवाज येत असेल तर इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर पाहावा. आयडल मिनिटाला साधारण 600 ते 700 फेऱ्यांच्या दरम्यान असावा, नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. हात हळू असेल तरीही हाच आवाज येतो. कारमध्ये क्लच हळुवार सोडण्याची सवय झालेला पुणेकर बोटीचा लिव्हरही प्रेमाने सरकवतो, परंतु डॉग क्लचमध्ये ते प्रेम दात्यांना महागात पडते. लिव्हर न्यूट्रलवरून गिअरमध्ये एका झटक्यात, न रेंगाळता टाकावा. वेग मात्र त्यानंतर द्यावा.

तेलही एकदा पाहावे. खालच्या स्क्रूतून निघालेले तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. स्क्रूच्या चुंबकावर बारीक पिठासारखी पूड चालते, पण टोकदार कण असतील तर लेग उघडावाच लागेल. पाणी शिरण्याचे आपल्याकडचे नेहमीचे कारण म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉनचा धागा. तो प्रोपेलरच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळला जाऊन सील कापतो, म्हणून हंगामात एकदा तरी प्रोपेलर काढून तिथे नजर टाकावी.

सेटिंग

लिव्हर न्यूट्रलवर ठेवावा आणि कंट्रोल केबलचे टोक हलकेच आत ढकलून एक खूण, बाहेर ओढून दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे केबलमधला ढिलेपणा. त्याचा मध्य हे खरे न्यूट्रल. टोक त्या मध्यावर धरले असता पिनमध्ये ओढाताण न करता बसेल इतकाच बॅरल (केबलच्या आट्यांवर फिरवून मागे-पुढे करता येणारा तुकडा) फिरवावा. अल्फा ड्राइव्ह केबलसाठी टोकाच्या छिद्राच्या मध्यापासून बॅरलच्या मध्यापर्यंत 6 इंच, म्हणजे 152 मिलिमीटर, हे माप ठरलेले आहे. आधीच्या माणसाने ते बदलून ठेवले असेल तर प्रथम ते पूर्ववत करावे. केबलच्या टोकावरचा नट टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा सैल करावा, कारण ते टोक फिरते राहिले पाहिजे. स्प्लिट पिन जुनी वापरू नये. बोहरी आळीत नवी पिन क्षुल्लक किमतीत मिळते. मात्र नाना पेठेतून दुचाकीची केबल आणून ड्राइव्ह केबलच्या जागी बसवण्याचा मोह टाळावा, ती ओढण्यासाठी बनलेली असते, ढकलण्यासाठी नाही.

ड्राइव्ह केबल बदलायची तर लेग उतरवावा लागतो आणि त्याचे वजन दोघांनी मिळूनच पेलावे. अल्फाचा लेग काढताना आणि बसवताना तो पुढच्या गिअरमध्ये असला पाहिजे, ब्राव्होचा न्यूट्रलमध्ये. हा नियम विसरला तर आतल्या दांड्यांची टोके जुळत नाहीत आणि नट आवळताना काहीतरी वाकते. लेग उतरलाच आहे तर बेलोही बदलून घ्यावेत.

काम झाल्यावर बोट धक्क्याला दोन दोरांनी बांधावी आणि आयडलवर पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल असे दहा वेळा करावे. न्यूट्रलमध्ये दोर ताणले जात असतील तर सेटिंग अजून चुकलेले आहे. त्यानंतर पाण्यावर फेरी मारून आल्यावर इंजिनावरचे झाकण उघडावे आणि ड्राइव्ह केबलच्या आतल्या टोकाखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून बोट तासभर तशीच पाण्यात राहू द्यावी. कागद कोरडा राहिला तरच बोट ट्रेलरवर चढवून पुण्याला निघावे.