प्रोग्राम उघडताच क्रॅश होतोय? आधी फाईलची वेळ बघा

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, दादाच्या दुकानात गिऱ्हाईकांची रांग आणि नेमका बिलिंगचा प्रोग्राम उघडला की लगेच बंद. सगळे म्हणाले रात्री पावसात लाईट गेलेली ना, हार्ड डिस्क उडाली असणार. तसं काही नव्हतं, आदल्या संध्याकाळी नवा प्रिंटर जोडताना मी एक कमांड चुकीची मारलेली. लिनक्सवर असं झालं तर शोधायचं कसं ते सांगतो.

घाबरून रिइन्स्टॉल करू नका प्लीज, चूक कुठे झाली त्याची खूणच पुसली जाते. आयकॉनवर क्लिक न करता प्रोग्राम टर्मिनलमधून (कमांड टाईप करायची खिडकी) चालवा म्हणजे एरर डोळ्यांसमोर येते, आणि बंद पडल्या पडल्या इको $? (echo $?) मारा, प्रोग्राम कसा संपला त्याचा आकडा दिसतो. 127 आलं तर कमांडच सापडली नाही, बहुतेक स्पेलिंग चुकलंय, 126 म्हणजे फाईल आहे पण चालवायची परमिशन नाही, 139 म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. आमच्याकडे नुसतं 1 आलं, म्हणजे काहीतरी चुकलं एवढंच, पण वर लिहिलेलं की कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलीत, डेटाबेसचा पत्ता नाही.

मग ती कॉन्फिग फाईल उघडली तर आत एकच ओळ, प्रिंटरची! बाकी सगळं गायब. अशी फाईल दिसली की लगेच त्यात काही लिहू नका, आधी स्टॅट (stat) मारून मॉडिफायची, म्हणजे शेवटच्या बदलाची, वेळ टिपून घ्या आणि सीपी -पी (cp -p) ने कॉपी ठेवा, -पी नसेल तर कॉपीला आत्ताची वेळ लागते. वेळ होती काल संध्याकाळची. प्रोग्राम कॉन्फिग फक्त सुरू होताना वाचतो म्हणून रात्री दुकान बंद होईपर्यंत तो मजेत चालला, त्यामुळे क्रॅश कधी झाला यापेक्षा फाईल कधी बदलली हे बघायचं.

आता हिस्टरी (history) मारा, आधी मारलेल्या कमांडची यादी येते. कालचं टर्मिनल अजून उघडं असेल तर त्यातच बघा, कारण बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा शेल, हिस्टरी सहसा बंद होताना फाईलीत लिहितो. तिथे सापडलं, इकोने ओळ जोडायला >> हवं होतं, मी > मारलेलं. दोन असले की ओळ शेवटी जोडली जाते, एकच असलं की शेल आधी फाईल रिकामी करतो, विचारत पण नाही.

जुन्या बॅकअपमधून फाईल परत टाकली, प्रिंटरची ओळ >> ने जोडली, प्रोग्राम उघडला. आणि बॅशआरसीत (.bashrc, बॅश सुरू होताना वाचतो ती फाईल) सेट -ओ नोक्लॉबर (set -o noclobber) टाकून ठेवलंय, आता असलेल्या फाईलीवर > मारलं की शेल नकार देतो, खरंच पुसायची असेल तर >| मारायचं.