मानेतली गाठ : आधी बोट, मग प्रोब

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षी सोनोग्राफीच्या खोलीत पोस्टिंग लागलं, तेव्हा मानेची केस आली की मला हायसं वाटायचं. पोटासारखा गॅस नाही, 'श्वास धरा' नाही. १० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा लिनिअर प्रोब (अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा) टेकवला की सगळं अगदी वरच. हा भ्रम दोनेक महिने टिकला.

पेशंटच्या खांद्याखाली उशी सरकवून मान मागे झुकू द्या. जेल लावण्याआधी त्यालाच सांगा, "गाठ बोटानं दाखवा." आडवं झाल्यावर गाठ सापडेनाशी झाली तर उठवून बसवा. एखादी आजी म्हणेल, "अवधाण आलंय," म्हणजे जवळच्या जखमेमुळे गाठ सुजलीय. मग दात, टॉन्सिल, डोक्यातले फोड विचारा. कुणी 'गंडमाळ' म्हणालं तर घरात टीबी झाला होता का ते विचारा. या जुन्या शब्दांत अर्धी हिस्ट्री मिळून जाते.

हात हलका ठेवा. दाबलात तर ज्युग्युलर शीर चपटी होऊन दिसेनाशी होते, आणि डॉपलरवर गाठीतला बारीक रक्तप्रवाहही गायब होतो. मग तुम्ही 'प्रवाह नाही' असं लिहून मोकळे!

साधी लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) राजम्यासारखी: लांबट, मधोमध पांढरा हायलम, रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरणाऱ्या. गाठ गोल झाली, हायलम गेला, रक्तप्रवाह कडेकडेनं दिसू लागला की कान टवकारा. टीबीत ग्रंथी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, आत पू होतो, भोवतालची चरबी सुजते. पण कॅन्सरची गाठही आतून सडते, त्यामुळे नुसत्या चित्रावर पैज लावू नका. सुईचा नमुना घेतलात तर पॅथॉलॉजीबरोबर थोडा जीनएक्स्पर्टलाही (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) पाठवा.

माझी चूक सांगते. पन्नाशी ओलांडलेले एक काका, जबड्याच्या कोनाखाली मऊ गाठ. प्रोब ठेवला तर पातळ भिंतीची, पाण्यानं भरलेली पिशवी. जागा पुस्तकातली, चित्र पुस्तकातलं. मी झोकात 'ब्रँकियल सिस्ट', म्हणजे जन्मजात साधी पिशवी, असं लिहिलं. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि दोनच प्रश्न विचारले, "वय? तंबाखू?" तंबाखूचं मी विचारलंच नव्हतं. सुईच्या तपासणीत स्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर निघाला. मूळ जिभेच्या बुडाशी होतं. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला नव्यानं आलेली पाण्याची गाठ ही कॅन्सरची ग्रंथी नाही हे सिद्ध होईपर्यंत तिला सिस्ट म्हणायचं नाही. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सरही ग्रंथीत असंच पाणी करतो, म्हणून थायरॉइड पाहिल्याशिवाय मानेची तपासणी संपवू नका.

मध्यरेषेतली गाठ असेल तर जीभ बाहेर काढायला सांगा. थायरोग्लॉसल सिस्ट (मध्यरेषेतली जन्मजात पिशवी) असेल तर ती वर सरकते. कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे दोन फांद्यांना फाकवून बसलेली, रक्तानं भरलेली गाठ दिसली तर सुई खाली ठेवा आणि सरांना हाक मारा.

थायरॉइडच्या गाठींसाठी २०१७ची एसीआर टायरॅड्स (गाठीच्या रूपाला गुण देऊन कॅन्सरचा संशय ठरवणारी पद्धत) पाठच करा. टीआर ५, म्हणजे सगळ्यात जास्त संशय, असेल तर १ सेंटीमीटरला सुई, टीआर ४ ला दीडला, टीआर ३ ला अडीचला. इथे माझं मत विचाराल तर नवखे लोक गुण मोजण्यात इतके गुंततात की शेजारच्या ग्रंथी बघायच्या राहतात.

आणि हो, बाहेर क्लिनिकमध्ये 'फक्त मानच बघायची आहे' म्हणून कुणी नोंदणी नसलेल्या मशीनवर बसवू पाहिलं तर बसू नका. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालच्या नोंदणीला मशीन कुठला अवयव बघतं याच्याशी देणंघेणं नाही.

रिपोर्टमध्ये 'मानेत अनेक ग्रंथी' असं मी एकदाच लिहिलं. दुपारी सर्जनचा फोन, "अगं, पण कुठे? उजवीकडे की डावीकडे? लेव्हल कुठली? कॅरोटिडपासून किती लांब?" मशीन दुसऱ्या केसवर गेलं होतं. पेशंटला परत बोलावून पुन्हा जेल लावावं लागलं.