यंत्रावरील भरतकामाचे प्रात्यक्षिक: नमुना कसा निवडावा?
यंत्रावरील भरतकाम वर्गात शिकवताना नमुन्याची निवड त्याच्या देखणेपणावरून न करता टाक्यांच्या संख्येवरून करावी, कारण मिनिटाला 600 टाक्यांच्या वेगाने 12,000 टाक्यांचा नमुना पुरा व्हायला 20 मिनिटे लागतात आणि धागे बदलण्याचा वेळ त्यात धरलेलाच नसतो. तेवढा वेळ विद्यार्थी नुसते सुईकडे पाहत बसतात. त्यापेक्षा दोन-तीन हजार टाक्यांचा नमुना समोर भरावा आणि मोठ्या नमुन्याचे टप्पे वेगवेगळ्या तुकड्यांवर आधीच तयार ठेवावेत. त्यांतला एक तुकडा उलटा करून हाती द्यावा: धाग्याचा ताण योग्य असेल, तर सॅटिन टाक्याच्या (एकमेकांना चिकटून घातलेल्या टाक्यांच्या भरीव पट्टीच्या) मागच्या बाजूस बॉबिनचा (यंत्राच्या खालच्या रिळाचा) धागा मधल्या साधारण एक तृतीयांश पट्टीत दिसतो, आणि ही गोष्ट फळ्यावर कितीही समजावली तरी हाताळल्याशिवाय कळत नाही. बॉबिनमध्ये त्या दिवसापुरता वेगळ्या रंगाचा धागा घातल्यास उत्तमच. क्विल्टचे (गोधडीसारख्या पांघरुणाचे) तिन्ही थर फ्रेममध्ये (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत) कोंबण्याचा मोह मात्र, विशेषतः आतले बॅटिंग (मधला भरावाचा थर) जाड असेल तर, टाळावा. फ्रेममध्ये केवळ स्टॅबिलायझर (भरतकामाला खालून आधार देणारे अस्तर) ताणून त्यावर ते थर कच्च्या टाक्यांनी अडकवावेत.